सुटलेला झेल कोणाच्या खातीं मांडावयाचा?

परदेशी संघाशीं सामना ठरला आणि आपल्या संघाची यादी निघाली, कीं चार दिवस गांवोगांव एकच चर्चा चालते. पारावर, पिठाच्या गिरणीपाशीं, न्हाव्याच्या दुकानांत, उंसाच्या गाडीवर बसून जो तो आपापला संघ निवडीत असतो. अमक्यास कां घेतलें, तमक्यास कां गाळलें, याची सरासरी किती, त्याचीं शतकें किती, यावर हातघाईपर्यंत वाद होतात. हा वाद आम्ही पुष्कळ वर्षें ऐकत आलों आहों. पण या पंधरा असामींत चेंडू धरणारे हात किती, हा प्रश्न कोणी विचारल्याचें क्वचितच ऐकलें. गांवांत विचारला जात नाहीं, याचें फारसें नवल नको. पण यादी करणाऱ्यांच्या बैठकींतहि तो शेवटीं उरलेल्या वेळांत विचारला जात असावा, अशी शंका यादी पाहून पुन्हां पुन्हां येते.

वाचकहो, कोणी म्हणेल कीं, कांद्याला भाव नाहीं, विहिरीला पाणी नाहीं, आणि मास्तरांना क्रिकेट सुचतें! पण जरा थांबा. हा खेळ आतां साहेबाचा किंवा राजेरजवाड्यांचा राहिलेला नाहीं. तो आपल्या पोरांच्या हाडींमांसीं खिळला आहे. सुट्टीच्या दिवशीं कापणी झालेल्या शेतांत, गांवठाणांत, देवळामागें, जिथें दहा पावलें सपाट जमीन आहे तिथें तो चालतो. आणि या खेळांत कोणत्या कामाला मोल द्यावयाचें व कोणत्या कामाला द्यावयाचें नाहीं, हें ज्या रीतीनें ठरतें, ती रीत आपल्या चांगली ओळखीची आहे. म्हणून हा विषय आज घेतला.

या खेळांत दोन तऱ्हेचीं कामें आहेत. एक मानाचें, दुसरें राबण्याचें. फलंदाज मैदानांत येतो तेव्हां टाळ्या पडतात. तो पन्नास काढतो तेव्हां बॅट उंचावतो. त्याचें चित्र वर्तमानपत्रांत येतें. त्याच वेळीं दुसऱ्या बाजूचे अकरा जण उन्हांत उभे असतात. कसोटीच्या एका दिवसांत ९० षटकें टाकावयाचीं, म्हणजे ५४० चेंडू. त्या ५४० चेंडूंपैकीं एखादाच चेंडू एखाद्या खेळाडूच्या हाताशीं झेल म्हणून येतो, आणि तो कोणता हें आधीं कोणास सांगतां येत नाहीं. पिकाची राखण करणारा सारी रात्र माळ्यावर जागतो. डुकरांचा कळप एकदांच येतो. त्या एका घटकेला डोळा लागला कीं सारी जाग वाया. क्षेत्ररक्षण म्हणजे हीच राखण होय.

आतां या राखणीचा हिशेब कसा ठेवतात तो पाहा. फलंदाजाची एकेक धांव वहींत चढते. गोलंदाजाचें एकेक षटक चढतें. झेल घेतला तर घेणाऱ्याचें नांव बाद झालेल्याच्या नांवापुढें लागतें, तेवढेंच. पण सीमेजवळ अंग झोंकून देऊन जो चौकार अडविला, त्या वांचलेल्या धांवा कोणत्या रकान्यांत? त्या धांवफलकावर दिसत नाहींत. आणि जो झेल सुटला त्याची नोंद कोठें? धांवफलकावर तीहि दिसत नाहीं. सुटलेल्या झेलानंतर निघालेल्या धांवा गोलंदाजाच्या नांवावर पडतात! घाम एकाचा, चूक दुसऱ्याची, आणि कर्ज तिसऱ्याच्या खात्यावर. रात्रभर पाटावर उभें राहून दारें धरणाऱ्या सालगड्याचें नांव सातबाऱ्यावर येत नाहीं. दिवसभर वांकून खुरपणारीचें तर नाहींच नाहीं. ज्या कामाची वहींत नोंद नाहीं, तें कामच नव्हे, असें मानण्याची जी जुनी खोड आहे, तीच या खेळांतहि शिरली आहे.

ही खोड किती महाग पडते याचा दाखला फार जुना नाहीं. २०२५ सालच्या जून महिन्यांत इंग्लंडांत लीड्स येथें आपला कसोटी सामना झाला. आपल्या फलंदाजांनीं कमाल केली. यशस्वी जैसवाल १०१, शुभमन गिल १४७, के. एल. राहुल १३७, आणि ऋषभ पंत तर दोन्हीं डावांत शतकी, १३४ व ११८. एका सामन्यांत एका संघाचीं पांच शतकें! आणि इतकें असून आपण हरलों. पांच शतकें काढून संघ हरला, असें कसोटीच्या सबंध इतिहासांत तोंवर कधीं घडलें नव्हतें. इंग्लंडला जिंकण्यास ३७१ धांवा हव्या होत्या. त्या त्यांनीं पांच गडी गमावून काढल्या.

कां हरलों? कारणें एकाहून अधिक होतीं. शेपटाचे फलंदाज दोन्हीं डावांत झटपट कोसळले, हें एक. पण हातांचा हिशेब मांडून पाहा. ऑली पोपचा झेल ६० धांवांवर सुटला; तो १०६ वर गेला. बेन डकेटचा झेल दुसऱ्या डावांत ९७ वर सुटला. तो १४९ वर गेला. या दोनच सुटलेल्या झेलांमागें ४६ आणि ५२ मिळून ९८ धांवा गेल्या. सामन्यांत याखेरीज आणखीहि झेल सुटले, ते वेगळेच. म्हणजे आपल्या एका फलंदाजानें दिवसभर घाम गाळून जें शतक उभें केलें, तेवढें दुसऱ्या दाराने ओंजळींतून गळून गेलें. पोतें भरणारा भरीत होता आणि तळाला भोंक होतें. भोंक शिवावयाचें सोडून आणखी एक भरणारा आणावा, असें कोणता शहाणा शेतकरी म्हणेल? पण असे सामने हरले कीं चर्चा पुन्हां तीच: कोणता फलंदाज बदलावा!

येथें एका गोष्टीचा न्याय केला पाहिजे. त्या सामन्यांत सर्वांत अधिक झेल ज्याच्या हातून सुटले तो जैसवाल हाच पहिल्या डावांतला शतकवीर होता. आणि हा पोरगा लहानपणीं मुंबईंत आझाद मैदानावर तंबूंत राहून वाढलेला, कष्टाचा. त्याला शिव्या देणें हा या लेखाचा हेतु नाहीं. त्याच वर्षीं मे महिन्यांत रोहित शर्मा व विराट कोहली कसोटींतून निवृत्त झाले होते. यष्टीमागील रांगेंत उभीं राहणारीं माणसें बदललीं होतीं. जुनी बैलजोडी विकून नवी आणली, तर पहिल्या दिवशीं तिला खोल नांगराला जुंपीत नाहींत; आधीं वखराला जुंपून चाल बघतात. यादी करतांना फलंदाज कोण जाणार व त्याच्या जागीं कोण येणार, याचा विचार होतो. त्या रांगेंत हात कोणाचे जाणार आणि कोणाचे येणार, याचा विचार तितक्याच अगोदर झाला पाहिजे, एवढेंच आमचें म्हणणें.

त्याच दौऱ्याच्या अखेरच्या, ओव्हलच्या सामन्यांत काय झालें? हॅरी ब्रूक १९ धांवांवर असतांना मोहम्मद सिराजनें त्याचा झेल धरला खरा; पण पाय सीमेच्या दोराला लागला. झेल गेला, वर सहा धांवा गेल्या, आणि ब्रूकनें १११ काढल्या. सामना आपण जिंकला तो अवघ्या ६ धांवांनीं! एका पावलाचें मोल एवढें असतें. शेवटचा गडी टिपला तोहि याच सिराजनें. हैदराबादच्या रिक्षा चालविणाऱ्याचा हा मुलगा. म्हणजे एक झेल सुटला म्हणून माणूस टाकून द्यावा, असा अर्थ कोणी काढूं नये. हिशेब ठेवावयाचा तो शिक्षेसाठीं नव्हे, सुधारणेसाठीं. पण हिशेबच नसेल तर सुधारणा कशाच्या आधारानें करणार?

उलट बाजूहि पाहा. २९ जून २०२४ रोजीं बार्बाडोस येथें वीस षटकांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकांत १६ धांवा हव्या होत्या. पहिल्याच चेंडूवर डेव्हिड मिलरनें उंच टोला मारला. सूर्यकुमार यादवनें सीमेवर चेंडू धरला, तोल जातोसें पाहतांच तो आंत उडविला, स्वतः दोराबाहेर जाऊन परत आंत आला आणि पुन्हां धरला. सामना आपण ७ धांवांनीं जिंकला. तो चेंडू बाहेर पडता तर सहा धांवा होत्या. विश्वचषक बॅटनें जिंकला कीं दोन हातांनीं, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

पुढल्याच वर्षीं, २ नोव्हेंबर २०२५ रोजीं, नवी मुंबईंत आपल्या मुलींनीं पन्नास षटकांचा विश्वचषक जिंकला. त्या सामन्याची हकीकत आपल्या घरांतल्या लेकींना मुद्दाम सांगावी अशी आहे. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वोल्व्हार्ट शतक करून उभी होती. ती असेतों सामना हातचा नव्हता. तिनें मारलेला चेंडू उंच गेला. अमनजोत कौर धांवत आली. चेंडू एकदां हातून उसळला, दुसऱ्यांदां उसळला, तिसऱ्या खेपेस तिनें तो धरला. त्याच सामन्यांत अचूक फेंकीनें तिनें सलामीची फलंदाजहि धांवबाद केली होती. ही अमनजोत कोणाची? मोहालीच्या एका सुताराची लेक. तिची पहिली बॅट बापानें स्वतःच्या हातानें घडविली. रंध्यावर चालणारे हात बॅट घडवितात आणि त्याच घरांतले हात विश्वचषकाचा झेल धरतात, हें आमच्या सुतार, लोहार, कुंभार बांधवांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. त्याच सामन्यांत ८७ धांवा काढून दोन गडी बाद करणारी शफाली वर्मा मूळ यादींत नव्हतीच. एक खेळाडू जायबंदी झाली म्हणून तिला ऐनवेळीं बोलाविलें. यादी म्हणजे कांहीं ब्रह्मलिखित नव्हे, हेंहि त्यावरून दिसतें.

ही यादी करण्याची रीत आमच्या देशांत कशी चालत आली, हें थोडें मागें वळून पाहिल्याशिवाय आजची खोड नीट समजणार नाहीं. १९११ सालीं पहिला अखिल हिंदी संघ इंग्लंडांत गेला. कर्णधार कोण? पतियाळाचे महाराज. त्यांनीं थोडेच सामने खेळले. मैदानांत राबलें कोण? बाळू पालवणकर. चर्मकार समाजांतल्या या पुरुषानें त्या दौऱ्यांत शंभरांहून अधिक गडी बाद केले. तरुणपणीं पुण्याला गोऱ्यांच्या जिमखान्यांत ते मैदान राखण्याचें काम करीत आणि साहेबांना सरावासाठीं तासन्‌तास चेंडू टाकीत. पण त्यांच्या स्वतःच्या हातीं बॅट म्हणून कधीं दिली गेली नाहीं, असें इतिहासकार रामचंद्र गुहा यांनीं लिहिलें आहे. पुढें ते हिंदूंच्या संघांत आले, तेव्हां मैदानावर त्यांचा हात लागलेला चेंडू सर्वांना चाले. चहाच्या वेळीं मात्र त्यांना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यांत चहा! चेंडूला विटाळ नाहीं, कपाला विटाळ! कर्णधारपद त्यांना लाभलें नाहीं. १९२० सालीं या अन्यायाविरुद्ध त्यांचे भाऊ विठ्ठल व शिवराम यांनीं संघांतून अंग काढून घेतलें, तेव्हां कोठें बाळूंना उपकर्णधार करणें भाग पडलें. आणि १९२३ सालीं विठ्ठल पालवणकर हिंदूंच्या संघाचे कर्णधार झाले. मागितल्याशिवाय मिळालें नाहीं, हा त्यांतला धडा.

१९३२ सालीं आपला पहिला कसोटी सामना लॉर्ड्सवर झाला. दौऱ्याचे कर्णधार पोरबंदरचे महाराज होते. पण आपल्यापेक्षां नायडू श्रेष्ठ, हें ओळखून त्यांनीं कसोटीला स्वतः बाजूस होऊन सी. के. नायडूंना पुढें केलें. राजा असून त्यांनीं हा विवेक दाखविला, त्याबद्दल त्यांना मान दिलाच पाहिजे. त्या सामन्याच्या पहिल्या सकाळीं इंग्लंडचे अवघ्या १९ धांवांत तीन गडी गेले. दोघांचे त्रिफळे मोहम्मद निसारनें उडविले. तिसरा, फ्रँक वूली, हा धांवबाद झाला. केला कोणी? लालसिंग नांवाच्या, मलायांत जन्मलेल्या तरुणानें. त्याचें नांव होतें तेंच मुळीं क्षेत्ररक्षणाबद्दल. या देशाच्या कसोटी इतिहासाच्या पहिल्या तीन बळींत एक बळी चपळ पायांचा व अचूक हाताचा आहे, हें किती जणांना ठाऊक असेल? लालसिंगाला पुढें दुसरी कसोटी मिळाली नाहीं.

चार वर्षांनीं, १९३६ सालीं, विजयानगरमचे महाराजकुमार कर्णधार झाले. त्यांनीं तीन कसोटी सामन्यांत मिळून ३३ धांवा केल्या. आणि लाला अमरनाथांसारखा मोहरा खेळाडू पहिल्या कसोटीच्या आधींच शिस्तीच्या नांवाखालीं इंग्लंडांतून घरीं परत पाठविला गेला. मालिका आपण हरलों. महाराजकुमारांना मात्र त्याच दौऱ्यांत ‘सर’ ही पदवी मिळाली. पद वंशावरून आणि पैशावरून मिळालें, म्हणजे कामाचा हिशेब कोण विचारतो?

आज महाराजे राहिले नाहींत. निवड पूर्वीपेक्षां पुष्कळ गुणावर होते, हें आम्ही मोकळेपणीं कबूल करतों. सुताराची लेक, रिक्षावाल्याचा मुलगा संघांत दिसतात, तो याचाच पुरावा. परंतु गुण मोजण्याचें माप अजून जुनेंच आहे. तें अर्धें माप आहे. बॅटचा गुण मोजतात, चेंडूचा मोजतात, हाताचा मोजीत नाहींत.

हाताचा गुण काय करूं शकतो, याचा सर्वांत मोठा दाखला आमच्या मुंबईचाच आहे. एकनाथ सोलकर. वडील हिंदु जिमखान्याच्या मैदानाचे माळी. बिऱ्हाड मैदानावरच, एका खोलींत. हा तोच जिमखाना, ज्याच्या संघांतून बाळू पालवणकर एके काळीं खेळले. लहान एकनाथ सामन्याच्या वेळीं धांवफलकावरचे आंकडे बदलण्याचें काम करी. पुढें हा मुलगा फलंदाजाच्या अगदीं नाकासमोर, चार हातांवर, डोक्याला शिरस्त्राण नसतां उभा राहूं लागला. २७ कसोटी सामन्यांत त्यानें ५३ झेल घेतले. दर सामन्यामागें जवळजवळ दोन. यष्टिरक्षक सोडल्यास हें प्रमाण जगांत फार थोड्यांना साधलें आहे. १९७१ सालच्या ऑगस्टांत ओव्हलवर चंद्रशेखरनें ३८ धांवांत ६ गडी घेऊन इंग्लंडला १०१ धांवांत गुंडाळलें आणि इंग्लंडच्या भूमीवर आपण पहिली कसोटी जिंकली. चंद्रशेखरचें नांव सर्वांच्या ओठीं आहे आणि तें असावेंच. पण त्या फिरकी गोलंदाजांच्या चेंडूला बॅटची कड लागून उडालेला झेल जमिनीला टेकण्याआधीं धरावयास तिथें कोणी तरी पाहिजे होता. तो माळ्याचा मुलगा होता.

आतां आक्षेप. पहिला आक्षेप असा कीं, नुसत्या क्षेत्ररक्षणानें सामना जिंकतां येत नाहीं. अगदीं खरें. २०१५ सालीं श्रीलंकेंत गाले येथें अजिंक्य रहाणे यानें एका कसोटींत ८ झेल घेतले. यष्टिरक्षक नसलेल्या खेळाडूचा तो विक्रम झाला. हा मूळचा आमच्या संगमनेर तालुक्यांतला. तरीहि तो सामना आपण ६३ धांवांनीं हरलों, कारण दुसऱ्या डावांत फलंदाज कोसळले. म्हणून आम्ही असें म्हणत नाहीं कीं, ज्याला बॅट धरतां येत नाहीं त्याला झेलासाठीं घ्या. सोलकर स्वतः कसोटी शतक काढणारा होता, गोलंदाजीहि करी. आमचें म्हणणें इतकेंच कीं, दोन उमेदवार बॅटनें तोलास तोल उतरले, तर पारडें हातांवर झुकावें. आणि एक जण बॅटनें दहा धांवांनीं सरस असून हातानें पंचवीस धांवा घालवीत असेल, तर तो सरस नव्हे. हें गणित चौथीच्या मुलाला सुटतें.

दुसरा आक्षेप असा कीं, फलंदाजी ही देणगी आहे, क्षेत्ररक्षण काय मागाहून शिकवितां येतें. या म्हणण्यांत या कामाविषयींची तुच्छता लपलेली आहे. ‘तें काय, कोणीहि करील!’ असें खुरपणीबद्दल तोच म्हणतो, ज्यानें कधीं खुरपें धरलें नाहीं. यष्टीमागच्या रांगेंत उभें राहणें, फलंदाजाच्या पुढ्यांत उभें राहणें, सीमेवर धांवत झेल घेणें, हीं तीन निरनिराळीं कसबें आहेत. जो एकांत तरबेज तो दुसऱ्यांत असेलच असें नाहीं. राहुल द्रविड यांनीं कसोटींत २१० झेल घेतले; २०२५ पर्यंत तो जगाचा उच्चांक होता. ते बहुतेक झेल एकाच जागीं वर्षानुवर्षें उभें राहून, डोळा व हात त्या जागेला सरावून घेतलेले आहेत. कसब शिकवितां येतें हें खरें, पण त्याला वेळ लागतो, आणि सामन्याच्या आठ दिवस आधीं तें शिकवितां येत नाहीं. म्हणून तर निवडीच्या वेळीं तें पाहावयाचें.

तिसरा आक्षेप असा कीं, आतां खेळाडूंची अंगकसोटी घेतातच. २०१७ च्या सुमारास ‘यो-यो’ नांवाची धांवण्याची परीक्षा आली. वीस मीटर जावयाचें, परत यावयाचें, वेग वाढत जातो. २०१८ सालीं अंबाती रायुडूची इंग्लंड दौऱ्यासाठीं निवड होऊनहि ती या परीक्षेंत गेली. परीक्षा असावी, आमची तक्रार नाहीं. पण दम मोजला म्हणजे हात मोजले असें होत नाहीं. बैल किती धांवतो यावरून तो सरळ तास काढील कीं नाहीं, हें कळत नाहीं. २०२३ च्या विश्वचषकापासून सामन्यानंतर उत्तम क्षेत्ररक्षकाला संघांतल्या संघांत पदक देण्याची चाल पडली. चाल चांगली आहे. पण सामन्यानंतरचें पदक म्हणजे शाबासकी. सामन्यापूर्वीं यादींत जें मोजलें जातें, तें मोल. शाबासकीनें पोट भरत नाहीं, हें बलुतेदाराला सांगावयास नको.

म्हणून निवड करणाऱ्यांकडे आमचें मागणें तीन गोष्टींचें आहे. पहिलें असें कीं, देशांतल्या रणजी करंडकापासून प्रत्येक सामन्यांत कोणाकडे किती झेल आले, किती धरले, किती सुटले, आणि ते कोणत्या जागेवर, याची नोंद व्हावी. आणि संघ जाहीर करतांना सरासरीच्या शेजारीं ती छापावी. दुसरें असें कीं, संघ निवडतांना यष्टीमागची रांग व पुढली जागा कोण सांभाळणार हें आधीं ठरवावें, आणि त्या माणसांना दर सामन्याला हलवूं नये. तिसरें मागणें आपल्या अधिक जवळचें आहे. जिल्ह्याच्या निवड-चांचणीला खेड्यांतलीं पोरें पहांटेची एस. टी. धरून जातात. परत आल्यावर सांगतात कीं, जाळींत चार-सहा चेंडू खेळावयास मिळाले आणि ‘कळवूं’ म्हणून सांगितलें. चार-सहा चेंडूंत फलंदाज कसा कळावा? ज्याला घरीं शिकविणारा आहे, ज्याच्याजवळ चांगली बॅट आहे, तोच तिथें चमकणार. पण त्याच पोरांना अर्धा तास मैदानांत उभें करा. उंच झेल द्या, सीमेवरून फेंक करावयास लावा. मग पाहा कोण पुढें येतो! इंग्लिश विलोची बॅट हजारों रुपयांना पडते. ती सालगड्याच्या घरीं येणार नाहीं. झेल धरावयाला मात्र दोन हात, एक डोळा आणि एक जुना चेंडू पुरतो. गरिबाच्या मुलाला या खेळांत बिनभांडवलाचा जर कोणता दरवाजा असेल तर तो हाच. आणि नेमका तोच दरवाजा परीक्षा घेणाऱ्यांनीं लोटून ठेवला आहे.

आतां चार शब्द आपल्याच घरच्यांना. मुंबईच्या निवडसमितीला नांवें ठेवणें सोपें आहे. आपल्या गांवच्या मैदानांत काय चालतें? ‘ज्याची बॅट त्याची पहिली पाळी’ हा कायदा प्रत्येक गांवांत आहे. पाटलाच्या नाहींतर दुकानदाराच्या पोराची बॅट असते, म्हणून तो आधीं खेळतो. आणि बाद झाला तरी ‘हा चेंडू धरूं नका’ म्हणून पुन्हां उभा राहतो. मजुराचीं पोरें सारी दुपार बाभळींत गेलेला चेंडू काढून आणतात, आणि त्यांची पाळी यायच्या वेळेला बॅटवाला घरीं निघून जातो. वाचकहो, पुण्याच्या जिमखान्यांत बाळूंच्या हातीं बॅट न देणाऱ्या साहेबांत आणि या रीतींत फरक तो कितीसा? गांवानें वर्गणी काढून शाळेच्या नांवें दोन बॅटी घ्याव्या. बॅट शाळेची, पाळी नंबरवार, असा नियम करावा. आणि मुली बाजूला बसून टाळ्या वाजवितात, त्यांचाहि नंबर त्याच यादींत असावा.

मास्तरमंडळींना विनंती अशी कीं, कवाइतीच्या तासाला दहा मिनिटें शाळेच्या भिंतीवर चेंडू मारून धरण्याचा सराव मुलांमुलींकडून करून घ्यावा, आणि फळ्यावर कोणी किती काढल्या याच्या शेजारीं कोणी किती झेल धरले व किती अडविल्या हेंहि लिहावें. आम्ही आमच्या शाळेंत हें करतों. ज्या मुलाचें नांव फलंदाजांत कधीं लागत नाहीं, तो आपलें नांव दुसऱ्या रकान्यांत वाचण्यासाठीं मधल्या सुट्टींत दोन वेळां फळ्याजवळ येऊन जातो. त्याला खर्च एका खडूचा. आणि ग्रामपंचायतीला विनंती ही कीं, गायरानाचा जो तुकडा पोरांच्या पायाखालीं आहे, तो कोणाच्या कुंपणांत जाऊं देऊं नये. मैदान गेलें कीं धांवणेंहि गेलें, झेलहि गेला.

पुढली यादी निघेल तेव्हां पारावर पुन्हां वाद होईल. होऊं द्यावा. फक्त त्या वादांत कोणी तरी उठून एवढें विचारावें: यांपैकीं रांगेंत कोण उभे राहणार, पुढ्यांत कोण, सीमेवर कोण, आणि त्यांनीं आजवर किती धरले, किती सोडले? हें विचारणारीं माणसें गांवोगांव दिसूं लागलीं, म्हणजे तोच प्रश्न यादी करणाऱ्यांच्या बैठकींतहि पोंचेल. बाळूंच्या भावांनीं विचारलें म्हणून विठ्ठलाला कर्णधारपद मिळालें. न विचारतां आपल्या कामाची नोंद कोणीं केल्याचें उदाहरण आमच्या वाचनांत नाहीं.

— एक खेड्यांतला शिक्षक